इमिग्रेशन वकील कसा निवडायचा? पैसे देण्याआधी पनवेलकरांनी वाचावं असं सगळं काही

पनवेलमध्ये आता विमानतळ दाराशी आला आहे. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं आणि २५ डिसेंबरपासून विमानं उडू लागली. पण परदेशी जाणं इथे नवीन नाही. खारघर-कामोठ्यातले आयटीवाले अमेरिकेत आहेत, उरण-पनवेल पट्ट्यातली मुलं मर्चंट नेव्हीत आहेत, नर्सेस आखातात आणि इंग्लंडमध्ये आहेत. साडेबारा टक्क्यांच्या भूखंडाचे पैसे मुलाच्या कॅनडातल्या शिक्षणाला लावलेली घरंही कमी नाहीत.

त्यामुळे स्टेशन परिसरात, मॉलमध्ये आणि इन्स्टाग्रामवर ‘व्हिसा गॅरंटी’च्या जाहिराती दिसतात. त्यातला वकील कोण, कन्सल्टंट कोण आणि नुसता एजंट कोण, हे बहुतेकांना कळत नाही. चूक झाली तर नुसते पैसे जात नाहीत. अर्जात खोटी माहिती गेली, तर कॅनडा ५ वर्षं आणि ब्रिटन १० वर्षं दार बंद करू शकतं. अमेरिकेत तर ही बंदी कायमची असू शकते. आणि खोटं एजंटने लिहिलं असलं, तरी अर्जावर सही तुमची असते.

आधी हे समजून घ्या: तुम्हाला कोणत्या देशाचा वकील हवा आहे?

इमिग्रेशन वकील म्हणजे ज्या देशात जायचं आहे, त्या देशाच्या कायद्याचा वकील. पनवेल कोर्टात उत्तम काम करणारे वकीलसाहेब तुमचं प्रतिज्ञापत्र करून देतील, नावबदलाचं काम करतील, घटस्फोटाच्या आदेशाची प्रमाणित प्रत काढून देतील. पण त्यांची सनद बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाची आहे. त्या सनदेवर अमेरिकेच्या किंवा कॅनडाच्या इमिग्रेशन खात्यापुढे तुमचं प्रतिनिधित्व करता येत नाही.

अनेक प्रकरणांत दोन्ही लागतात: तिकडचा वकील अर्जासाठी आणि इकडचा वकील कागदपत्रांसाठी. दोघांची कामं वेगळी आहेत आणि फीही वेगळी असते.

कोण अधिकृत, हे कुठे तपासायचं?

प्रत्येक देशाची पद्धत वेगळी आहे.

अमेरिका: इथे ‘परवानाधारक कन्सल्टंट’ असा प्रकारच नाही. तुमच्या वतीने काम करू शकतो तो कोणत्याही एका राज्याच्या बारचा वकील, किंवा न्याय खात्याने मान्यता दिलेला प्रतिनिधी, जो मान्यताप्राप्त सेवाभावी संस्थेमार्फतच काम करतो. इमिग्रेशन हा केंद्रीय कायदा असल्यामुळे न्यूयॉर्कच्या वकिलाला टेक्सासमधल्या माणसाचं काम घेता येतं. वकिलाचं नाव त्या राज्याच्या बारच्या वेबसाइटवर शोधा. सनद चालू आहे का आणि शिस्तभंगाची कारवाई झाली आहे का, हे तिथे दिसतं. वकील तुमच्या बाजूने उभा राहतो तेव्हा जी-२८ हा फॉर्म भरतो. तो फॉर्म भरायला टाळाटाळ करणाऱ्याकडे काम देऊ नका.

कॅनडा: पैसे घेऊन सल्ला द्यायचा किंवा अर्ज भरायचा, तर माणूस प्रांताच्या लॉ सोसायटीचा वकील, क्युबेकचा नोटरी, ऑन्टारियोचा परवानाधारक पॅरालीगल किंवा ‘कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्स’चा सदस्य असायला हवा. हा नियम भारतात बसून काम करणाऱ्यालाही लागू आहे. कॉलेजची यादी सर्वांसाठी खुली आहे. प्रतिनिधी नेमल्याचा फॉर्म आयएमएम ५४७६ हा आहे. ‘फॉर्मवर आमचं नाव टाकायचं नाही, तुम्ही स्वतःच भरला असं दाखवू’ असं कोणी म्हणालं, तर तिथूनच उठा.

ब्रिटन: सॉलिसिटर असेल तर सॉलिसिटर्स रेग्युलेशन अथॉरिटीकडे नोंद तपासा. सल्लागार असेल तर इमिग्रेशन अ‍ॅडव्हाइस अथॉरिटीकडे पाहा. जानेवारी २०२५ पर्यंत या संस्थेचं नाव ओआयएससी होतं. सल्लागारांच्या तीन पातळ्या असतात. पहिल्या पातळीवरच्या सल्लागाराला अपिलाचं काम घेता येत नाही.

ऑस्ट्रेलिया: नोंदणीकृत मायग्रेशन एजंटला सात आकडी क्रमांक असतो. तो सरकारी नोंदवहीत तपासता येतो. मार्च २०२१ पासून पूर्ण सनद असलेल्या वकिलांना ही वेगळी नोंदणी लागत नाही. त्यांचं नाव राज्याच्या वकील-नोंदवहीत बघायचं.

एक खबरदारी घ्या. समोरच्याने पाठवलेल्या लिंकवर तपासू नका. संस्थेची वेबसाइट स्वतः शोधून उघडा आणि तिथे दिलेल्या ईमेलवर किंवा फोनवर संपर्क करून ‘हे प्रकरण तुम्हीच घेतलं आहे का’ असं विचारा. दुसऱ्याच्या परवान्याचा क्रमांक वापरून दुकान चालवणारे लोक असतात.

मग पनवेलमधले एजंट बेकायदा का?

सगळे नाहीत. पण ‘परवाना’ म्हणून जे दाखवलं जातं ते बघून घ्या. दुकान परवाना, जीएसटी क्रमांक, भिंतीवरचं आयएसओ प्रमाणपत्र यांपैकी काहीही इमिग्रेशनचा परवाना नाही.

नोकरीसाठी पाठवणारा एजंट: १९८३ च्या एमिग्रेशन कायद्यानुसार त्याची परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी हवी. ई-मायग्रेट पोर्टलवर ही यादी पाहता येते. उमेदवाराकडून त्याला जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि वर जीएसटी एवढंच सेवाशुल्क घेता येतं. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’ असेल, तर आखातासह १८ देशांत कामाला जाण्याआधी सरकारी मंजुरी लागते. ‘व्हिजिट व्हिसावर जा, तिकडे कामाचा करून देऊ’ हा त्या मंजुरीला चुकवण्याचा जुना मार्ग आहे. त्यात अडकलेल्या माणसाच्या हातात ना करार असतो ना विमा.

जहाजावर पाठवणारा एजंट: त्याच्याकडे नौवहन महासंचालनालयाचा आरपीएसएल परवाना हवा. नोकरी लावण्यासाठी खलाशाकडून पैसे घेण्याची मुभा त्याला नाही. तो खर्च जहाजमालकाचा असतो. बेलापूर-नेरूळ पट्ट्यात जहाजावरच्या नोकरीसाठी लाखांत रक्कम मागितली जात असेल, तर तेवढंच उत्तर पुरेसं आहे.

शिक्षणासाठीचा एजंट: याला बहुतेक वेळा परदेशी कॉलेजकडून कमिशन मिळतं. प्रवेशाची माहिती देणं हे त्याचं काम आहे. व्हिसाच्या कायद्याचा सल्ला देणं हे वेगळं काम आहे. २०२३ मध्ये कॅनडात बनावट प्रवेशपत्रांचं प्रकरण उघड झालं. जालंधरच्या एका एजंटने दिलेल्या पत्रांवर गेलेल्या भारतीय विद्यार्थ्यांना, काही वर्षांनी कायम वास्तव्याचा अर्ज करताना पत्र खोटं असल्याचं कळलं आणि हद्दपारीच्या नोटिसा आल्या. एजंटला २०२४ मध्ये कॅनडात शिक्षा झाली. पण मुलांची वर्षं आणि आई-बापांची झोप गेली ती गेलीच. त्यानंतर डिसेंबर २०२३ पासून कॅनडा सरकार प्रत्येक प्रवेशपत्र थेट कॉलेजकडून तपासून घेतं. तुम्हीही कॉलेजला एक ईमेल पाठवून हे तपासू शकता. त्याला पैसे लागत नाहीत.

वकील खरंच लागतो का?

प्रत्येक वेळी नाही. मुलाकडे अमेरिकेत दोन महिने राहायला जाणाऱ्या आई-बाबांचा व्हिजिटर व्हिसा, स्वच्छ कागदपत्रं असलेला विद्यार्थी व्हिसा, हे अर्ज घरी बसून भरता येतात. सरकारी वेबसाइटवरच्या सूचना नीट वाचल्या आणि खरी माहिती दिली की झालं.

पुढच्यापैकी काही असेल तर मात्र वकिलाशी बोलल्याशिवाय अर्ज करू नका:

- आधी एखाद्या देशाने व्हिसा नाकारला आहे
- मुदत संपल्यावर परदेशात राहिला होतात
- इथे गुन्हा दाखल आहे, मग तो कौटुंबिक वादातला का असेना
- घटस्फोट झाला आहे किंवा मुलाच्या ताब्याचा वाद आहे
- आधीच्या अर्जात चुकीची माहिती गेली आहे
- परदेशात नोकरी गेली आहे किंवा हद्दपारीची नोटीस आली आहे

नकारानंतर घाई करू नका. अमेरिकेच्या व्हिजिटर व्हिसाच्या नेहमीच्या नकारावर अपील नसतं. परिस्थिती बदलली असेल तर नवा अर्ज करायचा असतो. कॅनडाचा नकार भारतात असताना आला असेल, तर तिथल्या फेडरल कोर्टात जायला ६० दिवस मिळतात. अशा मुदती चुकल्या की चांगला वकीलही फारसं काही करू शकत नाही. म्हणून नकाराचं पत्र आलं त्याच आठवड्यात सल्ला घ्या.

कंपनीचा वकील हा तुमचा वकील आहे का?

एच-१बी वर गेलेल्यांसाठी हा महत्त्वाचा प्रश्न आहे. कंपनी ज्या लॉ फर्मला नेमते, ती अनेकदा कंपनी आणि कर्मचारी दोघांचंही प्रतिनिधित्व करते. सगळं सुरळीत असेपर्यंत त्यात अडचण नाही. पण नोकरी गेली की दोघांचं हित वेगळं होतं. एच-१बी धारकाला नोकरी संपल्यावर सहसा जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. त्या काळात स्वतःचा स्वतंत्र वकील गाठणं शहाणपणाचं आहे.

ग्रीन कार्डच्या पहिल्या टप्प्यातली, म्हणजे लेबर सर्टिफिकेशनची वकील-फी कंपनीनेच भरायची असते. ती पगारातून कापून घेता येत नाही.

नियम किती वेगाने बदलतात याचं ताजं उदाहरण म्हणजे १९ सप्टेंबर २०२५ ची घोषणा. नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलर लागणार, अशी बातमी आली आणि सुट्टीवर घरी आलेल्या अनेकांनी त्याच रात्रीची तिकिटं शोधली. दुसऱ्या दिवशी अमेरिकी सरकारने स्पष्ट केलं, की आधीपासून व्हिसा असलेल्यांना हे लागू नाही. ज्यांनी आपल्या वकिलाला ईमेल केला, त्यांची रात्र बरी गेली. व्हॉट्सअ‍ॅपवर विसंबलेल्यांची नाही.

पहिल्या भेटीत काय विचारायचं?

पहिल्या सल्ल्याची फी द्यावी लागली तरी ती वसूल होते, जर तुम्ही हे प्रश्न विचारले तर:

1. माझ्यासारखी प्रकरणं तुम्ही हाताळली आहेत का? त्यात काय अडचणी येतात?
2. माझी बाजू कुठे कमकुवत आहे?
3. माझं काम प्रत्यक्ष कोण करणार, तुम्ही की तुमचे सहायक?
4. फी ठरावीक आहे की तासावर? त्यात काय धरलं आहे? सरकारी फी आणि भाषांतराचा खर्च वेगळा आहे का?
5. नकार आला तर पुढचं काम याच फीमध्ये होईल का?
6. किती दिवसांत उत्तर द्याल आणि कोणत्या मार्गाने?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात जास्त सांगून जातं. चांगला वकील तुमच्या अर्जातली भोकं दाखवतो. वाईट माणूस म्हणतो, ‘काही टेन्शन घेऊ नका, आत आपला माणूस आहे.’ परदेशी दूतावासात ‘आपला माणूस’ नसतो. शंभर टक्के व्हिसाची हमी कोणताही प्रामाणिक वकील देत नाही. आणि भारतात सनद असलेल्या वकिलांना तर बार कौन्सिलच्या नियमांनुसार जाहिरात करायलाच मनाई आहे. तेव्हा ‘अ‍ॅडव्होकेट’ म्हणवणाऱ्याने रीलवर ऑफर जाहीर केली असेल, तर ती सनद नक्की बघा.

करार कागदावर घ्या

तोंडी बोलणं कितीही गोड असलं, तरी लेखी करार हवा. त्यात काम काय, फी किती, कोणत्या टप्प्याला किती, पैसे परत कधी मिळणार आणि काम अर्धवट सोडलं तर फाइल कोणाची, हे स्पष्ट असावं. पैसे बँकेतून किंवा यूपीआयने फर्मच्या खात्यात भरा आणि पावती घ्या. रोखीची मागणी किंवा भलत्याच माणसाच्या खात्यात पैसे टाकायला सांगणं, ही थांबण्याची जागा आहे.

आणखी तीन गोष्टी सोडू नका:

- कोऱ्या फॉर्मवर सही करायची नाही.
- ऑनलाइन खात्याला ईमेल आणि मोबाइल स्वतःचाच द्यायचा. एजंटचा दिला, तर खात्याकडून आलेली नोटीस तुमच्यापर्यंत पोचणारच नाही.
- मूळ पासपोर्ट आणि मूळ गुणपत्रिका ‘सुरक्षित राहतील’ म्हणून कोणाच्या कपाटात ठेवायच्या नाहीत.

पनवेलच्या कागदपत्रांचे खास प्रश्न

वकील तिकडचा असला, तरी त्याला आपल्याकडच्या कागदांच्या गमती माहीत नसतात. त्या तुम्हीच सांगायच्या असतात.

जन्मदाखला: पनवेल महानगरपालिका १ ऑक्टोबर २०१६ रोजी झाली. त्याआधी पनवेल शहरात नगरपालिका होती आणि आजूबाजूच्या गावांत ग्रामपंचायती. त्यामुळे पासपोर्टवर जन्मस्थान पनवेल आणि दाखला जुन्या ग्रामपंचायतीचा, असं होऊ शकतं. काही जुन्या नोंदींत बाळाचं नावच नसतं. अमेरिकेच्या ग्रीन कार्डसाठी जन्मानंतर वर्षभराहून उशिरा केलेली नोंद एकटी पुरत नाही. शाळा सोडल्याचा दाखला, वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं असा जोडपुरावा लागतो. प्रतिज्ञापत्र करणारी आत्या किंवा मोठे काका हयात आहेत तोवर हे काम उरकून घ्या.

नाव: स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव ही आपली पद्धत परदेशी फॉर्मला समजत नाही. लग्नानंतर मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदललेल्या बाईचे पदवी, पासपोर्ट आणि पॅन हे तीन कागद तीन वेगळ्या माणसांचे वाटतात. विवाह नोंदणी प्रमाणपत्र, गरज असेल तर राजपत्रातली नावबदलाची नोंद आणि ‘ही एकच व्यक्ती आहे’ असं प्रतिज्ञापत्र, हा संच आधीच तयार ठेवा.

पैशाचा माग: खात्यात अचानक मोठी रक्कम दिसली की व्हिसा अधिकारी विचारतो, ती आली कुठून? भूसंपादनाचा मोबदला असेल तर निवाड्याची प्रत, सिडकोचं वाटपपत्र, विक्रीचा नोंदणीकृत दस्त आणि बँकेचा उतारा अशी साखळी जुळवा. नातेवाइकांकडून आठवडाभरासाठी पैसे आणून खातं ‘फुगवून’ दाखवण्याचा सल्ला अजिबात मानू नका. तो पुरावा नाही, ती खोटी माहिती ठरते.

भाषांतर: सातबारा, शिधापत्रिका, मराठी दाखले यांचं इंग्रजी भाषांतर लागतं. अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याला भाषांतरकाराचं ‘मला दोन्ही भाषा येतात आणि भाषांतर पूर्ण व अचूक आहे’ असं सहीचं निवेदन पुरतं. इतर देशांचे नियम वेगळे आहेत, आधी विचारा.

वकिलाशी वागायचं कसं?

वकिलापासून काही लपवू नका. जुनी पोलीस तक्रार, मोडलेलं लग्न, आधीचा नकार, सगळं पहिल्याच दिवशी सांगा. लाज वाटते म्हणून लपवलेली गोष्ट अधिकाऱ्याला सापडली, तर ती गोष्ट दुय्यम ठरते आणि लपवणं मुख्य होतं.

अर्ज पाठवण्याआधी प्रत्येक पान वाचा. इंग्रजी अवघड वाटलं तर घरातल्या शिकलेल्या मुलीला शेजारी बसवा. नोकरीच्या तारखा, शिक्षणाची वर्षं, नातेवाइकांची नावं जुळवून बघा. पाठवल्यावर पूर्ण अर्जाची प्रत आणि पोच स्वतःकडे ठेवा.

पटलं नाही तर वकील बदलता येतो. नव्या वकिलाने प्रतिनिधित्वाचा नवा फॉर्म भरायचा आणि जुन्याकडून फाइल मागून घ्यायची. फाइल मिळालीच नाही, तर अमेरिका आणि कॅनडात माहितीच्या कायद्याखाली सरकारकडूनच तिची प्रत मिळवण्याची सोय आहे.

फसवणूक झाली तर?

पहिल्यांदा, ‘शेवटचे पन्नास हजार भरा, काम होतंच’ याला बळी पडू नका. मग:

- ऑनलाइन पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर फोन करा. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त.
- करार, पावत्या, चॅटचे स्क्रीनशॉट घेऊन जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार द्या. पनवेल हे नवी मुंबई पोलीस आयुक्तालयात येतं. फसवणुकीला भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ लागतं.
- परदेशी नोकरीचा बोगस एजंट असेल तर ई-मायग्रेटवर तक्रार करा, किंवा परराष्ट्र मंत्रालयाच्या १८००-११-३०९० या मोफत क्रमांकावर विचारा.
- कन्सल्टंटने सेवा दिली नाही तर दोन वर्षांच्या आत ग्राहक आयोगात जाता येतं. रायगड जिल्ह्याचा आयोग अलिबागला आहे, पण तक्रार ऑनलाइनही दाखल होते. भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही.
- भारतीय वकिलाविरुद्ध मात्र ग्राहक आयोगात जाता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२४ रोजी तसा निकाल दिला आहे. त्यांच्या गैरवर्तनाची तक्रार राज्य बार कौन्सिलकडे करायची.
- परदेशी वकील किंवा परवानाधारक सल्लागार असेल, तर त्याला परवाना देणाऱ्या संस्थेकडे लिहा. तक्रार पनवेलमधून ईमेलनेही करता येते.

फसलेली अनेक माणसं ‘लोक काय म्हणतील’ म्हणून गप्प बसतात आणि तोच एजंट पुढच्या गल्लीत नवा बोर्ड लावतो. तुमची तक्रार पुढच्या घराला वाचवू शकते.

थोडक्यात

पैसे देण्याआधी चार गोष्टी हातात असाव्यात: परवान्याचा स्वतः तपासलेला क्रमांक, लेखी करार, बँकेची पावती आणि तुमच्या नावावरचं ऑनलाइन खातं. यातली एकही गोष्ट देण्यास समोरचा कुरकुर करत असेल, तर दुसरा माणूस शोधा. विमान पुढच्या महिन्यातही उडतं.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. नियम बदलत असतात. स्वतःच्या प्रकरणासाठी त्या देशाची सरकारी वेबसाइट पाहा आणि अधिकृत वकिलाचा सल्ला घ्या.)